पाचव्या बाराची चिंधी

१

करण वारेचं प्रेत सापडलं तेव्हा त्याच्या मुठीत पाइपलाइनचा जॉइंट होता आणि फुटलेल्या पाइपातून पाणी वाहतच होतं. जामखेडपासून वीसेक किलोमीटरवर खडकदरा नावाचं गाव आहे. तिथल्या जुन्या पाझर तलावाच्या पलीकडच्या चढावर तो पडला होता. वय सव्वीस. छातीत एकच गोळी, शिशाची, गोल. प्रेत पाहिलं शामकांत धर्माधिकारी सरांनी, आणि पोलिसांना फोनही त्यांनीच केला. फोनवर ते एवढंच म्हणाले, "करणला मी मारलं. या."

एवढं सरळ प्रकरण असताना मला बोलवायचं कारण नव्हतं. मी गोरक्षनाथ गर्जे. चौतीस वर्षं नगरच्या मुख्यालयात पोलिसांची हत्यारं दुरुस्त केली आणि चार वर्षांपूर्वी निवृत्त झालो. बंदूक खोटं बोलत नाही, तिच्यामागचा माणूस बोलतो, असं मी नव्या पोरांना मिशीला पीळ देऊन सांगायचो. आता सांगत नाही.

मला बोलावलं ते सहायक पोलीस निरीक्षक पूजा खाडे यांनी. माझ्या मुलीच्या वयाची बाई, पण डोकं ठिकाणावर. त्या म्हणाल्या, "काका, गुन्हा कबूल आहे, हत्यार ताब्यात आहे, कारणही आहे. तरी मला हे पटत नाही. तुम्ही एकदा बंदूक बघून जा."

कारण साऱ्या गावाला पाठ होतं. सर हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवायचे. त्यांच्याकडे आजोबांच्या काळातली ठासणीची रायफल होती, परवान्यासकट. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, तेलात भिजवलेल्या चिंधीत शिशाची गोळी बसवायची आणि गजानं खालपर्यंत ठासायची. गावात रानडुकरांसाठी ठासणीच्या बंदुका आणखी दोघांकडे होत्या, पण त्यांच्या नळ्या आतून गुळगुळीत. सरांच्या नळीत आटे, म्हणजे गोळीला फिरकी देणाऱ्या पीळदार खाचा, पाडलेले होते, आणि कोणत्या कापडाच्या चिंधीनं गोळी सरळ जाते, किती दारूनं ती बहकते, याचा म्हातारा तीन वर्षं अभ्यास करत होता. पाझर तलावाच्या भरावापुढे कागद लावायचा आणि दर मंगळवारी सकाळी बार काढायचे, निकाल वहीत लिहायचा. हा उद्योग कशासाठी, असं कुणी विचारलं की म्हणायचे, कळावं म्हणून.

करणची पोल्ट्री तिथून जवळ. बार झाला की कोंबड्या एकमेकींच्या अंगावर पडून मरायच्या. सरांचा परवाना रद्द करा म्हणून त्यानं तहसीलला अर्ज दिला होता, आणि एसटी स्टँडवर चारचौघांत सरांशी भांडला होता. सर त्याला म्हणाले होते, "आधी माझी वही पुरी होऊ दे, मग बघू तुझं." पुढे गावाला त्यातलं 'बघू तुझं' एवढंच आठवत होतं.

२

मयताच्या बापाला आधी भेटायचं, ही माझी रीत नाही. पण इथे इलाज नव्हता, कारण सरांच्या या प्रयोगातला दुसरा माणूस करणचा बापच होता.

छगन वारे अंगणात लिंबाखाली बसला होता. रुंद हाडाचा, पन्नाशीतला माणूस. भेटायला येणाऱ्यांसाठी टाकलेली सतरंजी तशीच होती आणि तिच्यावर कुणी नव्हतं. मी बंदुकीबद्दल विचारायला आलोय म्हटल्यावर त्यानं मान वर केली.

सरांचे हात पाच वर्षांपासून कंप पावतात, म्हणून नेम छगन धरायचा, लेकानं अर्ज दिल्यावरही. सर दारू मोजायचे, चिंध्या कापायचे, तेलमेण लावायचे, वही लिहायचे. ठासायचं, टोपी बसवायची आणि चाप ओढायचा हे छगनचं. टोपी म्हणजे घोड्याखाली बसते ती तांब्याची इवलीशी वाटी. तिच्या ठिणगीनं दारू पेटते. एका कापडाचे पाच बार, कमी नाही, जास्त नाही. दर बाराआधी नळी ओल्या फडक्यानं पुसायची. आणि एक नियम सरांनी पहिल्या दिवशीच घातला होता. ज्यानं नेम धरला त्यानं कागद बघायचा नाही, कुठे लागलं ते विचारायचंही नाही. विचारलं की माणूस पुढचा नेम आपोआप सुधारून धरतो, आणि मग चिंधीची परीक्षा न होता माणसाची होते. तीन वर्षांत छगननं एकदाही विचारलं नव्हतं. पाच बार झाले की तो मोटारसायकलला किटल्या अडकवून डेअरीला दूध घालायला जायचा. सर मागे राहून कागद काढायचे आणि जमिनीवर पडलेल्या जळक्या चिंध्या वेचायचे.

"मंगळवारी?" मी विचारलं.

"पाच बार काढलं आन् गेलो. लई घाई हुती, दुधाची गाडी लवकर येती." त्यानं रिकाम्या सतरंजीकडे बघितलं. "मी गेल्यावर त्यानं सहावा बार भरला. माज्या पोरावर."

 'सहावा' हा शब्द त्याच्या तोंडी मला फार विचित्र वाटला, कारण तो त्यानं इतक्या मायेनं उच्चारला होता, जणू अजून सरांचीच वही वाचतोय.

मी उठलो तेव्हा त्यानं माझा हात धरला. "सायेब, मला फाशीबिशी काय नको. मला एवढंच शोधून द्या. त्यानं करणकडं तोंड करून चाप वढला का? त्याला बगून? मला ते कळाया पायजे. त्याबिगर मला घास उतरत न्हाई."

मी शोधून देतो म्हणालो. त्या शब्दाची मला आजही लाज वाटते.

३

पाझर तलावात आता पाणी नसतं. मातीचा भराव मात्र उभा आहे, पुरुषभर उंच. गेल्या उन्हाळ्यात रस्त्याच्या कामासाठी तिथला मुरूम उचलला, त्यामुळे मधोमध भराव कमरेइतकाच राहिलाय. कागदाचे खांब बरोबर त्या खचलेल्या जागेपुढे होते. शंभर पावलांवर मंगळवारची बार काढायची जागा, तिथे एक दगडी ओटा. भरावापलीकडे ओढा, आणि मग चढ, जिथे करणची पाइपलाइन जाते. ओट्यावर बसलं तर पाइप दिसत नाही. उभं राहिलं तर दिसतो.

पंचनाम्यात जप्त केलेल्या वस्तू मी जामखेडच्या ठाण्यात मांडून घेतल्या. रायफल, दारूचं शिंग, गज, टोप्यांची डबी, सरांची वही आणि मंगळवारचा कागद. कॅलेंडरच्या पानाच्या पाठीवर काढलेलं वर्तुळ, आणि त्यात व त्याच्या आजूबाजूला पाच भोकं. वहीत पाच बार, कागदावर पाच भोकं. म्हणजे छगनचे पाचही बार कागदावर लागले, आणि करणला लागला तो सहावा, सरांनी भरलेला. पोलिसांचा हिशेब इथे मिटला होता.

पुरावे गोळा करणारा शिपाई चांगला होता. त्यानं ओट्याभोवतीची माती चाळून उडालेल्या टोप्या एका पुडीत बांधल्या होत्या, आणि नळी पुसलेली काळी फडकी दुसऱ्या पुडीत. मी मोजलं. टोप्या पाच. फडकी पाच. पुन्हा मोजलं, कारण दोन्ही सहा असायला हवी होती.

सहावा बार विनाटोपीचा उडत नाही. आणि पाच बारांनंतर न पुसता सहावी गोळी त्या नळीत उतरवायला पैलवान लागेल. सत्तरीतल्या, हात थरथरणाऱ्या माणसाचं ते कामच नाही.

मच्छिंद्र शेळके म्हणून शेजारचा शेतकरी आहे, ठासणीची बंदूक असलेला. बांधावरून त्याचं आणि करणचं वाकडं होतं, म्हणून पूजा मॅडमनी त्यालाही बसवून ठेवलं होतं. त्याची नळी बघताच मी त्याला सोडायला सांगितलं. तिच्यात करणच्या छातीतली गोळी घातली असती तर खुळखुळली असती. जाताना तो दारातून वळला. "मंगळवारी किती बार झाले ते कुनी इचारलंच न्हाई मला," तो म्हणाला. "पाच झाले. मी मोजतो. सर मोजून पाचच काढत्यात, म्हनून बैल सोडायचं ते पाचव्यानंतर. पाचवा झाला आन् मी बैल सोडले. मंग काय न्हाई झालं."

मग मी भिंग घेऊन कागद उजेडात धरला. शिशाची गोळी कागदातून जाते तेव्हा भोकाच्या कडेला करड्या रंगाची रेघ सोडते. चार भोकांना ती होती. पाचव्याला नव्हती. तिथे तेलाचा बारीक डाग होता, आणि गजाचं पितळी टोक त्या भोकात चपखल बसत होतं.

कागदावर चार गोळ्या लागल्या होत्या. पाचवं भोक कुणीतरी गजानं पाडलं होतं.

४

सर कोठडीत भिंतीला टेकून बसले होते. धुतलेला सदरा, दाढी वाढलेली. मी पोलिसांची हत्यारं दुरुस्त करायचो हे कळल्यावर त्यांना इतका आनंद झाला की मला कसंतरी वाटलं. त्यांनी मला आट्यांबद्दल विचारलं, शिशात कथील किती असावं ते विचारलं. खुनाची गोष्ट निघाली तसे पुन्हा आट्यांकडेच वळले.

मी खिशातून एक टोपी काढून त्यांच्या तळहातावर ठेवली आणि रिकाम्या रायफलीच्या घोड्याखालच्या तोटीवर बसवायला सांगितलं. पहिल्यांदा ती जमिनीवर पडली. दुसऱ्यांदा पडली. तिसऱ्यांदा त्यांनी डाव्या हातानं उजवा हात धरला, तरी पडली. ते वाकून शोधायला लागले तेव्हा मीच उचलली.

"त्या दिवशी बसली," सर म्हणाले. "रागात माणसाला जमतं."

"आणि नळी? न पुसता?"

"न पुसता."

मी सांगितलं की टोप्या पाच आहेत. मच्छिंद्रनं पाच ऐकले. पाचवं भोक गजाचं आहे.  वर्गातल्या पोरानं गणित बरोबर सोडवलं की शिक्षकाच्या चेहऱ्यावर येतं ते त्यांच्या चेहऱ्यावर आलं, आणि त्याचवेळी डोळ्यांत भीती. मग त्यांनी विचारलं.

"छगनला काही बोललात का?"

तोवर मी हुशारीच्या धुंदीत होतो. सर निर्दोष आहेत हे मी सिद्ध केलं होतं, आणि त्यापुढचं एक पाऊल टाकलंच नव्हतं. पाच बार झाले. पाचही छगननं काढले. चार कागदावर लागले.

मी कोठडीतून बाहेर व्हरांड्यात आलो. एका बापाला मी त्याच्या मुलाचा मारेकरी शोधून देतो म्हणालो होतो.

५

तरी मनात म्हटलं, हे चुकीचं असेल. तीन वर्षं भरावात गोळ्या बसल्या, मग याच मंगळवारी का बहकली? वहीत उत्तर असणार, म्हणून वही पहिल्यापासून वाचली. देखणं अक्षर, शेवटच्या वर्षात वेडंवाकडं होत गेलेलं. मांजरपाट, गादीपाट, खादी, जुनं धोतर. प्रत्येक कापडापुढे पाच चिंध्या टाचणीनं टोचलेल्या, आणि एक रकाना: 'जाळून पाहिले'. सर दर नव्या कापडाचं सूत काडीनं पेटवून बघायचे. सुती असेल तर राख होते, मग चिंधी दारूची आग सोसते. दोरा टेरीकॉटसारखा मिसळीचा असेल तर वितळून मणी होतो, आणि असली चिंधी नळीतच जळून फाटते. मग गोळीला आट्यांची पकड राहत नाही, ती वाटेल तिकडे जाते. म्हणून मण्याचं कापड बाद.

शेवटचं पान मंगळवारचं. 'पांढरे, तलम. छगनने आणले. अंतर प्रथमच शंभर पावले.' चिंध्या चारच टोचलेल्या, कडा कडक, तपकिरी. 'जाळून पाहिले' हा रकाना कोरा होता. तीन वर्षांत एवढा एकच.

करणच्या छातीतली गोळी मी भिंगाखाली धरली. एका बाजूनं ती चेपली होती. दुसऱ्या बाजूवर कापडाच्या विणीची छाप होती, बारीक, शर्टाच्या कापडाची.

छगनच्या घरी गेलो तेव्हा तो शेतात गेला होता, हे बरं झालं. बनुबाई, त्याची बायको, चुलीपुढे बसली होती, चूल विझलेली. पांढरं कापड तिनंच दिलं होतं. सरांकडचा मांजरपाट संपला, घरात काही सुती आहे का असं छगननं विचारलं, तेव्हा तिनं पेटी उघडून करणचा शाळेचा शर्ट काढला. दहावीचा. धुऊन धुऊन मऊ झालेला.

"सुतीच हुता," ती म्हणाली. "मऊ लागत हुता हाताला." मग तिनं विचारलं, त्या शर्टाचा काही तुकडा उरला असेल तर मिळेल का. तिला तो ठेवायचा होता.

मला तिथे बसवेना. उरलेल्या कापडाचा तुकडा सरांच्या जप्त सामानात होता. ठाण्यावर येऊन मी त्यातलं एक सूत काडीला धरलं. काळा, टणक मणी झाला.

पाचवी चिंधी मात्र कुठेच नव्हती. ज्या माणसानं तीन वर्षांत एक चिंधी टाकली नाही, तो हीच कशी टाकेल? मी शोभाताईंकडे गेलो, सरांच्या पत्नी. त्यांच्या दारात कुणीतरी शेण फेकलं होतं आणि त्या ते एकट्याच धूत होत्या. चार दिवसांत गावातली एकही बाई त्यांच्या उंबऱ्यात आली नव्हती. फोन करण्याआधी सर घरी येऊन गेले होते, हे त्यांच्याकडून कळलं, तेव्हा त्यांच्या रोजच्या वस्तू बघाव्यात म्हणून मी सरांचा चष्मा मागितला. चष्मा नाकावर नेला त्यांनी, घर मात्र इथे राहिलं, असं म्हणत त्यांनी चष्म्याचं घर आणून दिलं.

आतल्या मखमलीखाली ती होती. मधोमध जळून आरपार गेलेली. कडेला मण्यांची रांग.

६

सरांपुढे मी ती ठेवली. त्यांनी हात लावला नाही.

छगन गेल्यावर ते कागदाकडे गेले तेव्हा चारच भोकं होती. पाचवी चिंधी वेचली आणि बघताच कळलं. गोळी कुठे गेली याची नोंद करायची म्हणून ते भरावावर चढले. वही हातातच होती. पलीकडे त्यांना पाणी वाहताना दिसलं.

"मी त्याला हलवलं, हाका मारल्या. तो गेला होता," सर म्हणाले. "मग ओट्यावर येऊन बसलो. अर्धा तास बसलो असेन, मग कागदावर गजानं पाचवं भोक पाडलं. छगनला काय सांगायचं, एवढाच विचार होता. दुसरं काही सुचलं असतं तर केलं असतं हो."

मी चिडलो. चीड आली की मला माणसाचं वय दिसत नाही. म्हणालो, अपघात आहे, अपघात म्हणून लिहू. निष्काळजीपणाचा गुन्हा लागेल, तुम्हा दोघांनाही, पण खून नाही. तुमची बायको दारातलं शेण काढतेय. तिचा काय दोष?

त्यांनी डोळे मिटले. "काडेपेटी मी बाहेर काढली होती, गर्जे. सूत जाळायला. छगन म्हणाला, सर, सुती हाय, घरचं हाय, दुधाची गाडी जाईल. मी काडेपेटी खिशात टाकली. तीन वर्षांत एकदाच. नियम माझा, मोडला मी. मग मारलं कुणी? मी खोटं कबूल केलेलं नाही."

"पण चाप त्यानं ओढला."

"ते त्याला कळता कामा नये." मग ते माझ्याकडे वळले, आणि हात जोडावेत तसे थरथरणारे हात त्यांनी पुढे केले. "मी एकाहत्तर वर्षांचा आहे. शोभा समजून घेईल, मी तिला सांगितलंय. छगनचं पुढे सगळं आयुष्य आहे. त्याला शिव्या द्यायला कुणीतरी असू द्या. मी आहे ना."

 मी बाहेर आलो. पूजा मॅडमना सगळं सांगितलं. त्यांनी पुढ्यातले कागद बाजूला सारले. म्हणाल्या, निरपराध माणसावर खुनाचं दोषारोपपत्र मी सही करून पाठवू शकत नाही, काका. छगनला सांगावंच लागेल. पण असं नको. उद्या त्याचा मेव्हणा बीडहून येतोय, घरच्यांना जवळ बसवून मी स्वतः सांगते. तोवर सरांचा नवा जबाब घेऊ.

ते शहाणपणाचं होतं. उद्या सांगायचं, हे ठरलं होतं.

७

जबाबासाठी सरांना बाहेरच्या खोलीत आणून बाकावर बसवलं. मॅडमना एकेक गोष्ट नीट दिसावी म्हणून मी टेबलावर पुरावे मांडले. हे मांडणं गरजेचं नव्हतं. बोलूनही सांगता आलं असतं. पण मांडलं, कारण मांडलेलं छान दिसत होतं. डावीकडे पाच टोप्या, मग पाच फडकी, मग भोकांचा कागद, आणि उजवीकडे ओळीनं चार चिंध्या. पाचवी त्यांच्या शेवटी.

मॅडम आत टाइपिस्टला बोलवायला गेल्या, आणि दारातून छगन आला. त्याला फिर्यादीची नक्कल हवी होती, विम्याच्या कागदांसाठी कुणीतरी आणायला सांगितली होती. बाकावर सर दिसले तसा तो जागीच थांबला. त्या तोंडाकडे परत बघणार नाही, असं तो गावात सांगत होता, आणि त्यानं बघितलंही नाही. नजर कुठेतरी ठेवायची म्हणून त्यानं ती टेबलावर ठेवली.

मी उठलो. चिंध्यांवर कागद सरकवायला हात पुढे केला, पण माझ्यापेक्षा त्याची सवय जलद होती. तीन वर्षं दर मंगळवारी सर मागच्या खेपेच्या चिंध्या त्याला दाखवायचे आणि त्या वाचायला शिकवायचे. कागद दाखवायचा नाही, पण चिंधी दाखवायला हरकत नव्हती. त्यानं पहिली उचलून ठेवली, दुसरी, तिसरी, चौथी.

"कडा जळाल्यात," तो स्वतःशीच म्हणाला. "पर धरलंय. कागदावर लागलं आस्तील."

मग पाचवी उचलली. उजेडाकडे केली. मधल्या भोकातून त्याचा डोळा मला दिसला.

"ही फाटली. हिनं गोळी सोडली." त्यानं कडेवरून अंगठा फिरवला. मणी त्याच्या बोटाला लागले. तो अंगठा तिथेच थांबला, मग उलटा फिरला, कडेच्या न जळलेल्या तुकड्यावर, जिथे कापड अजून पांढरं होतं. तिथे निळ्या दोऱ्याची एक शिवण होती. बनुबाईनं कधीतरी घातलेली.

   टाइपिस्टला घेऊन मॅडम दारात आल्या.

छगननं टोप्यांकडे पाहिलं. ओठ हलले, तो मोजत होता. मग फडकी. मग भोकांचा कागद. तीन वर्षांत पहिल्यांदाच तो कागद बघत होता. त्याला काही विचारावं लागलं नाही. सरांनी त्याला फार चांगलं शिकवलं होतं.

मग तो बाकाकडे वळला आणि चार दिवसांत पहिल्यांदा त्यानं सरांच्या तोंडाकडे पाहिलं.

"सर," तो म्हणाला, "माजा पाचवा बार कुटं लागला?"

सरांनी दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले, तरी बाक हलत होता. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता.

"आपला नियम आहे ना, छगन," ते म्हणाले. "नेम धरणाऱ्यानं विचारायचं नाही."

 छगननं मान हलवली, मंगळवारी हलवायचा तशीच असावी. ती चिंधी त्यानं परत ओळीत ठेवली, चौथीच्या शेजारी, आणि बोटानं सरळ केली.